नुसती कवटी हातात दिली तर पक्षी की डायनासोर, कसं ओळखायचं? (शाळेच्या प्रदर्शनासाठी मदत हवी)

डिचोलीचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवतो. डिसेंबरात आमच्याकडे प्रदर्शन आहे आणि मुलांनी यंदा विषय घेतलाय पक्षी आणि डायनासोर. पिसांचे तक्ते झाले, पंखाच्या हाडांची तुलना झाली, तीन बोटांचा पंजा पुठ्ठ्यात कापून झाला. काम अडलंय ते डोक्यापाशी.

नववीतल्या एका मुलीनं वर्गात विचारलं, "सर, पिसं झाकली, बाकी सांगाडा झाकला आणि फक्त कवटी दिली तर पक्षी की डायनासोर ते कसं ओळखायचं?" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "चोच बघायची!" तर ती म्हणाली, "अगदी जुना पक्षी म्हणतात त्या आर्किऑप्टेरिक्सला दात होते, चोच नव्हती. मग त्याला पक्षी का म्हणतात?" त्यावर वर्ग जो पेटला तो तास संपला तरी थांबेना. तिच्या प्रश्नाला मला धड उत्तर द्यायचं आहे.

माशेलचे एक मूर्तिकार आहेत, चवथीचे गणपती घडवतात. तेही इथे वाचत असतात. चिकणमातीत तीन कवट्या करून द्यायला ते तयार आहेत: व्हेलोसिराप्टर हा डायनासोर, आर्किऑप्टेरिक्स आणि कोंबडी, याच क्रमाने, मध्ये बाण काढून. विचारायचं ते हे: त्या कवट्यांमध्ये नेमकं काय दिसलं पाहिजे? आणि कोंबडीची खरी कवटी साफ करून मांडली तर चालेल का? मुलांच्या हाताला काहीतरी खरं लागावं असं फार वाटतं.

सावईवेऱ्याची

मास्तर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. मी फोंड्याकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. कवट्यांवर माझा जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

पहिली विनंती: ते बाण काढू नका. व्हेलोसिराप्टर मंगोलियातला, साधारण साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा. आर्किऑप्टेरिक्स जर्मनीत बव्हेरियातल्या सोल्नहोफनच्या चुनखडीतला, १५ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे ज्याला आपण सुरुवातीला बसवतो तो दुसऱ्याच्या निम्म्या काळाचा. तो पक्ष्यांच्या चुलत घराण्यातला आहे, पूर्वज नाही. कवटी त्याचीच ठेवा, कारण ती चांगली माहीत आहे आणि तपशील बिनचूक करता येतात, पण पाटीवर काळ ठळक लिहा. बाण दिसला की मुलं "याच्यापासून तो झाला" असंच वाचतात आणि पुढे कॉलेजात येईपर्यंत ते डोक्यातून जात नाही. मी दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांत ते बघते.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. आर्किऑप्टेरिक्सचं डोकं व्हेलोसिराप्टर आणि कोंबडी यांच्या बरोबर मधोमध येईल असं करायचा मोह होईल: थोडे दात, थोडी चोच. तसं ते नव्हतं. पंख आणि पिसं घेतली तर तो पक्ष्यांकडे कितीतरी सरकलेला, पण डोकं बरंचसं जुनंच. पक्ष्यांच्या घराण्यात धड आधी बदललं आणि डोकं मागाहून, तेही एका दमात नाही. एक हाड इथे, एक सांधा तिथे, असं करत. चीनमधला क्रॅटोनाव्हिस बघा. १२ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आर्किऑप्टेरिक्सच्या तब्बल ३ कोटी वर्षं नंतरचा. २०२३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. मानेखाली तो पक्षी, आणि कवटी मात्र डायनासोराची, वरचा जबडा न हलणारी. उलट कन्फ्युशिऑर्निस त्याच्याहीपेक्षा थोडा जुना, साडेबारा कोटी वर्षांचा, आणि त्याला एकही दात नाही, पुढे स्वच्छ चोच. पण त्याच्या डोळ्यामागे हाडांची अखंड पट्टी आहे, जी आजच्या कुठल्याही पक्ष्यात अशी भेटत नाही. म्हणून चोच आली म्हणजे पक्ष्याचं डोकं झालं, असं म्हणता येत नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला हे उदाहरण द्या.

आता कवटी हातात आहे असं धरा आणि नाकाकडून मागे चला.

टोकाला जे हाड आहे त्याला प्रीमॅक्सिला म्हणतात, डावं-उजवं मिळून दोन. डायनासोरात ती दोन वेगळी आणि आखूड असतात, आणि त्यांच्या मागचं मॅक्सिला हे हाड मोठं, बहुतेक दात त्यात. आर्किऑप्टेरिक्समध्येही हाच प्रकार: प्रीमॅक्सिलात एका बाजूला चार दात, बाकीचे मागे मॅक्सिलात. कोंबडीत प्रमाण उलटं झालंय. दोन्ही प्रीमॅक्सिला सांधून एक झाल्या, लांबल्या, आणि जवळजवळ सगळी वरची चोच त्यांचीच. मॅक्सिला राहिली ती कडेची बारीक पट्टी. मूर्तिकारांना सांगा, या एका गोष्टीत प्रमाण चुकलं तर बाकी सगळं फुकट.

नाकपुडी आणि डोळ्याची खोबण यांच्यामध्ये आणखी एक भोक आहे. ते तिन्ही कवट्यांत दाखवा. आपल्या कवटीत ते नाही, बोकडाच्या नाही, पालीच्याही नाही. मुलांनी कवटी उचलल्यावर आधी ते शोधावं.

मग डोळ्याची मागची बाजू. डायनासोरात तिथे पोस्टऑर्बिटल नावाचं हाड असतं. ते खाली गालाच्या हाडाला भिडतं आणि डोळ्याची खोबण मागच्या भोकापासून वेगळी करते ती पट्टी तयार होते. कन्फ्युशिऑर्निसची पट्टी म्हणाले ती हीच. आजच्या पक्ष्यांत ते स्वतंत्र हाडच उरलं नाही. खोबण आणि कानशिलाकडची भोकं एकमेकांत मिसळून एकच मोठी मोकळी जागा झाली आणि गालाचं हाड काडीसारखं बारीक राहिलं. आर्किऑप्टेरिक्समध्ये पोस्टऑर्बिटल आहे, तेव्हा ते करायला विसरू नका.

मेंदूबद्दल मुलं विचारतीलच. आर्किऑप्टेरिक्सचा लंडनमध्ये ठेवलेला नमुना १८६१ साली मिळाला, रिचर्ड ओवेननं १८६३ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्याच दगडात मेंदूच्या पेटीचा भाग आणि दात असलेला जबड्याचा तुकडा आहे, याकडे १८६५ साली जॉन इव्हान्सनं लक्ष वेधलं. पुढे २००४ मध्ये त्या पेटीचा सीटी स्कॅन झाला. मेंदू भरला अवघा १.६ मिलिलिटर, पण नजरेचा भाग मोठा आणि आतल्या कानाची रचना पक्ष्यासारखी. इथे लगेच "म्हणून तो पक्षी" असं म्हणू नका. २०१३ साली बऱ्याच कवट्यांची मापं एकत्र मांडली गेली तेव्हा असं दिसलं की काही पक्षी नसलेल्या डायनासोरांचा मेंदूही शरीराच्या मानाने आर्किऑप्टेरिक्सएवढाच होता, काहींचा जास्तच. उडायला सोयीचा मेंदू उडणाऱ्यांच्या आधीच घडत होता. हे वाचलं तेव्हा मी वर्गातली माझी टिपणं नव्याने लिहून काढली.

आणि तिच्या प्रश्नाचं थेट उत्तर: एका खुणेवर ओळखता येत नाही. आर्किऑप्टेरिक्सला पक्ष्यांच्या घराण्यात बसवतात ते सगळ्या सांगाड्याचा हिशेब करून. नुसती कवटी दिली तर भल्याभल्यांना विचार करावा लागतो. मुलांना हे असंच्या असं सांगा, त्यांना ते पेलतं.

कोंबडीच्या कवटीचं खाली वेगळं लिहिते.

सावईवेऱ्याची

कोंबडीबद्दल. चिकनवाल्याकडून ब्रॉयलरची डोकी मागा, गावठी कोंबडी नको. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आतबाहेर कापतात, तेव्हा कवटीच्या हाडांमधले सांधे अजून दिसतात. जून कोंबडीत ते पुसले जातात आणि मग प्रीमॅक्सिला कुठे संपली ते बोटाने दाखवता येत नाही.

उकळण्याआधी एक करा. ताज्या डोक्याचा कपाळाकडचा भाग एका हाताच्या चिमटीत धरा आणि दुसऱ्या हाताने वरची चोच टोकाकडून अगदी हळू वर उचला. चोचीच्या मुळाशी हाड पातळ आहे, तिथे ती किंचित वाकते. वरचा जबडा हलतो! आपल्याला हे शक्य नाही, टी-रेक्सलाही नव्हतं. प्रत्येक मुलाला हे एकदा करू द्या, हात धुवायला लावून.

कुकर वापरू नका, हाडं सुटी होऊन भुगा होतो. पातेल्यात मंद आचेवर, मांस सुटेपर्यंत. पाणी थेट ओतून देऊ नका, चहाच्या गाळणीतून गाळा, कारण डोळ्यातलं हाडांचं कडं त्यातच असतं: पातळ पापुद्र्यांसारखे तुकडे एकमेकांवर चढून झालेलं, कोंबडीत साधारण चौदा तुकड्यांचं. असंच कडं आर्किऑप्टेरिक्सच्या डोळ्यातही दगडात उमटलेलं दिसतं. मुलीच्या तळहातावर ते ठेवा. मग साबणाच्या कोमट पाण्यात चरबी काढायची आणि औषधांच्या दुकानात मिळतं ते ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, उघड्या भांड्यात. ब्लीचिंग पावडर नको, ती हाड खाते.

शेजारी बोकडाची कवटी मिळाली तर ठेवा. मानेला टेकणारा गोळा बोकडात दोन, कोंबडीत एकच. डायनासोरातही एकच.

केरी-सत्तरी

मॅडम, फार छान लिहिलंत. मी इथे रानात लोकांना पक्षी दाखवायला नेतो. धनेश दिसला की सगळे चोचीवर अडकतात, आणि मला हमखास विचारलं जातं की ती चोच हाडाची की शिंगाची. दुसरं, जुन्या काळात एवढ्या मोठ्या चोचीचा कोणी होता का? जायफळाच्या कुळागरात धनेश फळ टोकाला धरून वर उडवतो आणि गिळतो ते बघताना मला नेहमी वाटतं, हे तंत्र किती जुनं असेल.

अजून एक, मास्तरांच्या मुलांसाठी. आपल्याकडे डायनासोर का सापडत नाहीत हे ती विचारणारच. माझ्याकडे येणारी शाळेची मुलं दर खेपेला विचारतात.

मडगावचा दंतवैद्य

दाताचा विषय निघाला म्हणून दोन शब्द. आर्किऑप्टेरिक्सचे दात जबड्यातल्या खाचेत रोवलेले आहेत, आपल्या दातांसारखे. व्हेलोसिराप्टरच्या दातांना करवतीसारखी धार आहे, आर्किऑप्टेरिक्सच्या दातांना नाही. ते साधे, टोकदार आणि मध्ये अंतर सोडून बसलेले. मूर्तिकारांनी हा फरक जरूर दाखवावा, लांबून ओळखू येतो.

आणि मुलांना ब्रह्मदेशातल्या राळेतल्या कवटीची हकिकत सांगा. ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची, जेमतेम दीड सेंटिमीटरची, लांब निमुळतं तोंड, मोठे डोळे. मार्च २०२० मध्ये ऑक्युल्युडेंटाव्हिस नावाने "जगातला सर्वांत लहान डायनासोर-पक्षी" म्हणून ती नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आली आणि जुलैत लेख मागे घेतला गेला. तो सरडा होता. मॅडमनी सांगितलेलं ते नाक आणि डोळा यांच्यामधलं भोक त्या कवटीत नव्हतंच, आणि दातही खाचेत रोवलेले नव्हते, सरड्यांसारखे जबड्याच्या हाडाला चिकटलेले. पुढच्याच वर्षी त्याच वंशातली दुसरी जात सापडली, त्यावरून वाद पुरता मिटला. एक भोक बघायचं राहिलं की केवढा फरक पडतो, हे नववीच्या मुलांना पटकन कळेल.

आज कुठल्याच पक्ष्याला दात नाहीत, पण दाताच्या कवचाचे जीन त्यांच्यात अजून आहेत, मोडक्या अवस्थेत. ४८ पक्ष्यांचे जीनोम तपासून २०१४ साली काढलेला अंदाज असा की आजच्या सगळ्या पक्ष्यांच्या सामायिक पूर्वजांत कवच तयार होणं सुमारे ११ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थांबलं.

सावईवेऱ्याची

डॉक्टर, राळेतल्या कवटीचं उदाहरण अगदी नेमकं. मी ते आता वर्गात वापरणार.

केरीकर, चोच दोन्हीची. आत हाडाचा गाभा, वर शिंगाच्या जातीचं कवच. कवच बहुतेक वेळा दगडात टिकत नाही, म्हणून जीवाश्मात आपल्याला गाभाच बघावा लागतो आणि त्यावरच्या बारीक भोकांवरून आणि खाचांवरून कवच किती पसरलं होतं ते ठरवावं लागतं. यातला सगळ्यांत बोलका नमुना अमेरिकेत कॅन्ससमध्ये सापडलेला इख्थिऑर्निस, साधारण साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा, समुद्रकाठचा. ऑथनिएल मार्शनं त्याला १८७२ साली नाव दिलं, आणि त्याचेच दातवाले जबडे मात्र एका लहान समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे म्हणून वेगळ्या नावाखाली गेले! पुढच्या वर्षी त्यानेच ते दोन्ही एकाच जीवाचे आहेत हे ओळखलं. त्याची पूर्ण कवटी कशी दिसत होती ते कळायला २०१८ साल उजाडलं, नवे नमुने आणि सीटी स्कॅन मिळाल्यावर. तोंडाच्या अगदी टोकाला छोटीशी चोच, मागे दातांची रांग, वरचा जबडा हलणारा, आणि कानशिलाकडे डायनासोरांसारखी चावण्याच्या स्नायूंसाठी मोठी जागा. सगळं एका डोक्यात. मास्तर, चौथी कवटी करायची झाली तर हीच करा असं माझं ठाम मत.

मोठ्या चोचीचा होता की! मादागास्करचा फाल्काटाकेली, सुमारे ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, कावळ्याएवढा, आणि चोच धनेशासारखी लांब, उंच, कमानदार. २०२० साली जाहीर झाला. पण हाडं बघा: धनेशाची चोच प्रीमॅक्सिलाची, याची जवळजवळ सगळी मॅक्सिलाची. प्रीमॅक्सिला टोकाला एवढीशी, त्यातही एक दात. बाहेरून तोच आकार आणि आतली जुळणी जुन्या पद्धतीची. मादागास्कर आणि भारत सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना जोडलेले होते, तेव्हा असा पक्षी आपल्या बाजूलाही कधी सापडावा अशी मला फार इच्छा आहे.

फळं गिळण्याचं तंत्र जुनंच आहे. चीनमधल्या जेहोलॉर्निसच्या पोटात बिया मिळाल्या, १२ कोटी वर्षांपूर्वीच्या. तो बिया फोडून खात होता की फळ गिळून बी तशीच बाहेर टाकत होता, हे २०२२ साली कवटीची त्रिमितीय जुळणी करून आणि आजच्या पक्ष्यांशी ताडून बघितलं गेलं, आणि कौल फळाच्या बाजूने पडला. तुमच्या कुळागरातला धनेश जे करतो त्याची ही सर्वांत जुनी साक्ष.

गोव्याचं उत्तर सोपं आहे. आपले बहुतेक खडक दोनशे कोटी वर्षांहून जुने, हाडं असलेला एकही प्राणी जन्मायच्या कितीतरी आधीचे. वरचा जांभा हा झिजून झालेला, त्यात हाड टिकत नाही. तुमच्या सत्तरीच्या पूर्वेच्या टोकाला दख्खनचा काळा पाषाण आहे, तो डायनासोरांच्या अखेरच्या काळातला खरा, पण तो लाव्हा. हाडं मिळतात ती लाव्ह्याच्या आधीच्या आणि थरांमधल्या गाळात: चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला, जबलपूरला, गुजरातेत महिसागर (पूर्वीच्या खेडा) जिल्ह्यात. तिथल्या राजासॉरसच्या कवटीचा मागचा भाग मिळालाय, कपाळावर शिंगाचा उंचवटा असलेला. २००३ साली त्याला नाव दिलं.

माशेलचा मूर्तिकार

नमस्कार. मास्तरांनी सांगितलेला तो मीच. सगळं दोनदा वाचलं. मातीत बाहेरचा आकार येईल, त्याची काळजी नाही. दोन अडचणी आहेत.

गालाचं ते काडीसारखं हाड मातीत उभं राहायचं नाही, वाळताना तडकणार. आणि कवटी उलटी केल्यावर खाली काय दाखवायचं? मला मिळालेली सगळी चित्रं बाजूने काढलेली आहेत. गणपतीची पाठ कोणी बघत नाही तरी आम्ही ती करतो. इथे तर मुलं उचलून बघणार.

सावईवेऱ्याची

दादा, खालची बाजू विचारलीत, हे वाचून फार बरं वाटलं. सगळी मजा तिथेच आहे, आणि प्रदर्शनात ती कोणीच दाखवत नाही.

आधी गालाची काडी. कोंबडीच्या कवटीत ती बायंडिंग वायरची करा आणि वर मातीचा हात फिरवा. व्हेलोसिराप्टरमध्ये गालाचं हाड चांगलं रुंद आहे, तिथे मातीच चालेल.

आता टाळू, म्हणजे तोंडाचं छत. कोंबडीची कवटी उलटी धरली की मागे, खालचा जबडा अडकतो तिथे, दोन्ही बाजूंना एकेक चौकोनीसर हाड दिसेल, क्वाड्रेट. ते वरच्या टोकाला सांध्यावर झुलतं. त्याच्यापासून आतल्या बाजूने पुढे जाणारी आखूड दांडी म्हणजे टेरिगॉइड, तिच्या पुढे लांबट पट्टी पॅलेटाइन, आणि ती चोचीच्या मुळाला लागते. बाहेरच्या बाजूने गालाची काडी. क्वाड्रेट पुढे झुकला की या दोन्ही दांड्या चोचीला मागून ढकलतात आणि चोच वर उचलली जाते. मी मघाशी ताज्या डोक्यावर करायला सांगितलं ते याच जुळणीमुळे होतं. पोपटात तर ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं, तो भुईमुगाची शेंग फोडताना बघा. टेरिगॉइड आणि पॅलेटाइन यांच्यामध्ये सांधा आहे, तो खाचेने स्पष्ट दाखवा. तुमच्या कोरणीच्या टोकाएवढी जागा आहे, पण सगळी हालचाल तिच्यावर अवलंबून.

व्हेलोसिराप्टरमध्ये हे सगळं घट्ट. क्वाड्रेटला चारी बाजूंनी हाडांचा आधार, आणि टाळूला बाहेरच्या अंगाने गालाशी बांधणारं आणखी एक आकड्यासारखं हाड, एक्टोटेरिगॉइड. आजच्या पक्ष्यांत हे हाड नाही. आर्किऑप्टेरिक्समध्ये आहे! म्युनिकच्या नमुन्याच्या कवटीत ते सापडलं, १९९६ साली त्याचं वर्णन आलं. आणि थर्मोपोलिसच्या नमुन्यात, २००५ साली, पॅलेटाइनला चार फाटे दिसले, डायनासोरासारखे. पक्ष्यांत तीन असतात. म्हणून दादा, आर्किऑप्टेरिक्सचा टाळू करताना पॅलेटाइनला चार फाटे आणि बाजूला तो आकडा, हे दोन नक्की ठेवा. अलीकडे, मे २०२५ मध्ये, शिकागोच्या नमुन्याचं वर्णन आलं, आजवरचा चौदावा आणि आकाराने सर्वांत लहान. त्याच्या टाळूवरून हा घट्टपणा सैल व्हायला नुकती सुरुवात झालेली दिसते.

शहामृगाचा टाळू मात्र वेगळा. शहामृग, एमू यांच्यात टेरिगॉइड आणि पॅलेटाइन जुळून एक झालेले असतात. थॉमस हक्सलीनं १८६७ साली टाळूवरूनच पक्ष्यांची वर्गवारी केली, आणि तेव्हापासून शंभर वर्षांहून जास्त काळ असं मानलं गेलं की शहामृगाचा घट्ट टाळू जुना आणि कोंबडी-कावळ्याचा हलता टाळू नवा. दिसायलाही ते बरोबर दिसतं, डायनासोराचाही टाळू घट्टच होता ना. मग २०२२ साली बेल्जियममधल्या एका जीवाश्माने हे उलटं केलं. जानाव्हिस, ६ कोटी ६७ लाख वर्षांपूर्वीचा, इख्थिऑर्निसचा नातलग, दात असलेला. त्याचं एक हाड खांद्याचं म्हणून नोंदलेलं होतं. स्कॅन करून नीट बघितल्यावर ते टेरिगॉइड निघालं, आणि आकार थेट कोंबडी-बदकाच्या वळणाचा. म्हणजे सांध्याचा, हलता टाळू आजच्या पक्ष्यांच्या आधीच तयार झालेला, आणि शहामृगाच्या घराण्यात तो मागाहून पुन्हा जुळला. दीडशे वर्षांची समजूत, आणि ती फिरवणारं हाड बोटाच्या पेरावर मावेल एवढं.

ब्राझीलचा नावाऑर्निसही इथेच सांगते. ८ कोटी वर्षांपूर्वीचा, २०२४ साली प्रसिद्ध झाला. त्याची कवटी चपटी न होता तशीच राहिली, हे भाग्य फार थोड्या जीवाश्मांना मिळतं. बाजूने बघाल तर आजचा एखादा छोटा पक्षी वाटेल: बिनदाताची चोच, मोठे डोळे, गोल माथा. उलटा केला की टाळू जुन्या पद्धतीचा, कानशीलही जुनं. बाजूच्या चित्रावर विसंबू नका म्हणते ते यासाठी.

डिचोलीचा मास्तर

मॅडम, दादा, डॉक्टर, केरीकर, देव बरे करो. ही सगळी चर्चा मी वर्गात वाचून दाखवली. बाण गेले. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने ठरवलंय की तिच्या टेबलावर कवट्या उलट्याच मांडायच्या, आणि बाजूला छोटा आरसा ठेवायचा म्हणजे वरची बाजूही दिसेल.

तिचा एक प्रश्न राहिलाय. तिने लिहून दिलाय, तसाच टाकतो: "पिल्लाची कवटी आणि मोठ्याची कवटी यात फरक असतो, मग सापडलेला नमुना पिल्लाचा असेल तर?"

सावईवेऱ्याची

हिला माझ्याकडे पाठवा, बारावीनंतर!

तिचा प्रश्न संशोधकांनाही पडला होता. भार्त-अंजन भुल्लर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मगरी, डायनासोर आणि पक्षी यांच्या कवट्यांचे आकार वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मोजून एकमेकांशी ताडले. मगरीच्या पिल्लाचं तोंड आखूड, डोळे मोठे, डोकं गोल. मोठी होता होता तोंड लांबतं. बहुतेक डायनासोरही असेच वाढायचे. पक्ष्यांत मात्र पूर्ण वाढलेल्या कवटीचा आकार डायनासोराच्या पिल्लाच्या कवटीकडे झुकतो, आणि आर्किऑप्टेरिक्समध्येच तो कल दिसायला लागतो. वाढीचं वेळापत्रक बदललं आणि पिल्लाचा चेहरा मोठेपणीही राहिला. चोचीचं तसं नाही. ती याच्या उलट, जास्त वाढून झाली. २०१५ मध्ये याच गटाने कोंबडीच्या गर्भात चोचीच्या जागचे दोन रासायनिक संदेश अडवून बघितले. प्रीमॅक्सिला एकमेकींना न जुळता आखूड आणि वेगळ्या राहिल्या, आणि टाळूचं हाडही बदललं. ती पिल्लं अंड्यातून बाहेर काढली नव्हती, हेही तिला सांगा, ती विचारेल. नमुन्याचं वय सांध्यांवरून आणि हाडाच्या पातळ कापातल्या वाढीच्या रेषांवरून काढतात. ब्रॉयलर आणि जून कोंबडीची कवटी शेजारी ठेवलीत तर सांध्यांचं तिला तिथेच कळेल. मग दोन्ही आणा.

माशेलचा मूर्तिकार

आर्किऑप्टेरिक्सची खरी कवटी केवढी? त्यावर माती किती मळायची ते ठरेल.

सावईवेऱ्याची

जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटर, नमुन्यानुसार. व्हेलोसिराप्टरची वीतभर. तुम्ही आर्किऑप्टेरिक्स चौपट करा, म्हणजे दोन्ही सारख्या लांबीच्या होतील आणि हाडं एकमेकांशी ताडता येतील. कोंबडीचीही तेवढीच करा, खरी कवटी शेजारी आहेच. प्रत्येक पाटीखाली खऱ्या मापाची काळी रेघ काढा. टाळूची हाडं तिन्ही कवट्यांत त्याच रंगांनी रंगवा: क्वाड्रेट तांबडा, टेरिगॉइड पिवळा, पॅलेटाइन निळा. एक्टोटेरिगॉइड हिरवा, तो फक्त दोन कवट्यांत येईल.